वजन बरोबर, पोट सुटलेलं

गडचांदूरला शहर म्हणावं की गाव? सिमेंट कारखान्यांनी कोरपना तालुक्यातलं हे गाव वाढवलं, पण शिवारातला कापूस काही गेला नाही. सरकारी पाहणीत मात्र शहरी आणि ग्रामीण असे दोनच रकाने. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या शहरी स्त्रियांपैकी ३३.२ टक्के जणींचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २५ किंवा त्याहून जास्त निघाला, ग्रामीण स्त्रियांत १९.७ टक्के. म्हणून खेडं सुटलं असं नाही. १९८५ ते २०१७ या काळात जगाचा सरासरी बीएमआय जेवढा वाढला, त्यात निम्म्याहून जास्त वाटा खेड्यांचा होता, असं २०१९ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालं.

आपल्याकडे ज्वारीच्या रानात कापूस-सोयाबीन आलं आणि भाकरीच्या जागी रेशनचा तांदूळ. सकाळी टपरीवर तर्रीपोहे, वर एक आलुबोंडा. निंदणाला दिवसभर वाकणाऱ्या बायांचं काम तणनाशकाच्या पंपावर गेलं. गेलं ते बरंच झालं म्हणा, कंबरडं मोडणारं काम होतं ते! पण ताटातला भाताचा ढीग तेवढाच राहिला.

त्यात आपली शरीरयष्टी फसवी. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२! २००४ साली दोघांनी स्वतःचंच हे उदाहरण ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत याज्ञिकांच्या गटाला याची सुरुवात जन्मापासूनच दिसली: इंग्लंडच्या बाळांपेक्षा आपली बाळं बरीच हलकी, स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने राखलेली. पोटात असताना उपाशी राहिलेल्या शरीराला पुढे मुबलक मिळालं, की त्याची चरबी होऊन ती पोटात आणि यकृतात साठते. जिवतीच्या डोंगरातल्या कोलामगुड्यावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, कमी वजनाचं जन्मलेलं पोर मोठं होऊन खाली कारखान्यात पाळीवर लागतं, तेव्हा उपाशी आणि मुबलक असे दोन्ही काळ एकाच अंगात असतात.

म्हणून वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप बरी. खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडून मोजायचं. पुरुषाचं माप ९० सेंटिमीटरच्या किंवा बाईचं ८०च्या पुढे गेलं, तर वजन काहीही असो, साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. पँटचा नंबर मात्र पुरावा म्हणून चालणार नाही. ढेरीखाली पँट बांधणाऱ्यांचा नंबर वर्षानुवर्षं तोच असतो.