पायाखालचा साथीदार
(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)

वाद्यांच्या दुकानात मी लूपर बघायला गेलो, तेव्हा काउंटरमागच्या पोरानं माझ्या पांढऱ्या दाढीकडे बघत अदबीनं विचारलं, ''चाचा, मुलासाठी पाहिजे का?'' मी म्हटलं, ''नाही बाबा, माझ्यासाठीच.'' त्यानं एक स्टूल पुढे सरकवलं. मोठ्या माणसाला बसायला जागा दिली, की याला आता बराच वेळ समजावून सांगावं लागणार म्हणून तयारी केली, ते मला कळलं नाही. वेळ लागला खरा. आणि एवढं होऊनही त्या दिवशी मी चुकीचीच डबी घेऊन घरी आलो. तुमचं तसं होऊ नये, म्हणून आजचं हे बोलणं.

आधी, मला ही डबी लागली कशाला ते सांगतो. मी गझल लिहितो आणि कॉलेजात असताना शिकलेल्या चार-सहा कॉर्डवर ती गुणगुणतो. गिटारवादक म्हणवून घेण्याइतकं काही मला येत नाही. पण छोट्या बैठकीत चालून जातं, कारण अठरा वर्षं माझ्या शेजारी तबल्याला अण्णा बसत होते. २०२१ साली त्यांच्या अंगावरून वारं गेलं. डावी बाजू. म्हणजे डग्ग्याचा हात गेला. त्यानंतर मी घरी एकटाच गिटार घेऊन बसू लागलो आणि एक भलतीच गोष्ट लक्षात आली. शेराच्या पहिल्या ओळीला जी लय असे, ती दुसऱ्या ओळीला राहत नसे. मी पळत होतो. मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐकलं तर चौथा शेर संपेपर्यंत गाडी चांगलीच सुटलेली. आयुष्यभर लघु-गुरू मोजणारा माणूस मी. कागदावर एक मात्रा इकडची तिकडे होऊ देत नाही. अण्णांकडे जाऊन म्हटलं, ''तुम्ही नसलात की माझी लय जाते.'' ते पलंगावर पडल्या पडल्या म्हणाले, ''भाई, तुम्ही कायमच पळत होता. मी तुमच्याबरोबर पळत होतो.''

तर मला असा साथीदार हवा होता, जो माझ्याबरोबर पळणार नाही.

लूपर म्हणजे काय? पायानं दाबायची लोखंडी डबी. गिटारची वायर तिच्यात जाते आणि तिच्यातून अँपमध्ये. पायानं एकदा दाबलं की तुम्ही वाजवता ते ती साठवू लागते. परत दाबलं की साठवणं थांबतं आणि तेवढाच तुकडा फिरून फिरून वाजत राहतो. तिसऱ्यांदा दाबलं की त्याच तुकड्यावर दुसरा थर चढवता येतो. ही कल्पना जुनी आहे. रॉबर्ट फ्रिप आणि ब्रायन ईनो यांनी १९७३ साली ध्वनिमुद्रिका काढली, तेव्हा हे काम दोन टेपरेकॉर्डर करत होते: एकावर मुद्रित झालेली टेप ताणत दुसऱ्यावर जायची, तिथं वाजायची आणि तो आवाज पुन्हा पहिल्याकडे यायचा. पुढे त्याची इलेक्ट्रॉनिक पेटी झाली, २००१ साली बॉस कंपनीची 'लूप स्टेशन' आली आणि गोष्ट पायाखाली मावू लागली. २००४ साली केटी टनस्टॉल ही गायिका बीबीसीच्या कार्यक्रमात एकटी उभी राहून, अशाच एका पेडलवर टाळ्या आणि कोरस रचत गायली, आणि ही काय जादू आहे असं पुष्कळांना वाटलं.

आपल्याकडे तबल्याची मैफल ऐकलेल्यांना मात्र याचं फार नवल वाटू नये. एकल तबलावादनात पेटीवाला किंवा सारंगिया लेहरा धरतो, तो दुसरं काय असतं? एकाच आवर्तनाची चाल तासभर, न कंटाळता, न हलता. तबलजी हवा तिथं भटकून येतो, कारण घर जागेवर असतं. लूपर म्हणजे स्वतःच स्वतःला धरलेला लेहरा. फरक इतकाच की लेहरा धरणारा माणूस तुमची चूक सांभाळून घेतो. डबी तीच चूक तुम्हाला परत परत ऐकवते.

चूक होते ती बहुतेक पायाची. नवशिक्याला वाटतं, शेवटचा स्वर वाजला की पाय दाबायचा. तसं नाही. पाय पडायला हवा पुढच्या समेवर, म्हणजे जिथं दुसरं आवर्तन सुरू होणार त्याच क्षणी. समजा लय मिनिटाला ऐंशी मात्रांची आहे. एक मात्रा पाऊण सेकंदाची, आठ मात्रांचं आवर्तन सहा सेकंदांचं. तुमचा पाय फक्त दशांश सेकंद उशिरा पडला, तर तुकडा ६.१ सेकंदांचा होतो. नुसताच लूप असेल तर तो दर फेरीला किंचित लंगडतो. कान सवय करून घेतो. पण शेजारी ड्रम स्वतंत्रपणे अचूक सहा सेकंदांनी फिरत असेल, तर दर फेरीला तो दशांश साठत जातो. दहा फेऱ्या, म्हणजे जेमतेम एका मिनिटानंतर, गिटार आणि ड्रम यांच्यात पूर्ण एका सेकंदाचं अंतर. एका मात्रेपेक्षा जास्त! म्हणून ड्रम असलेली डबी घेताना पहिला प्रश्न हा विचारायचा: ड्रम आणि लूप एकमेकांना बांधलेले आहेत का? चांगल्या डबीत पाय जरा मागेपुढे पडला तरी ती तुकड्याची लांबी पूर्ण मात्रांत बसवून घेते. काही स्वस्त डब्यांत ड्रम एकीकडे आणि लूप दुसरीकडे. त्यांच्यापेक्षा टेबलावरचा साधा मेट्रोनोम बरा.

दुसरा प्रश्न माझा मी विचारायला विसरलो, आणि तिथंच फसलो. तालाचा.

मराठी गझलेत देवप्रिया हे वृत्त फार चालतं: गालगागा गालगागा गालगागा गालगा. एका 'गालगागा'च्या मात्रा मोजा. दोन, एक, दोन, दोन. सात. आणि त्या पडतात कशा? 'गाल' तीन, 'गा' दोन, 'गा' दोन. तीन-दोन-दोन, म्हणजे नेमका रूपक! शेवटचा 'गालगा' पाच मात्रांचा, त्यापुढे दोन मात्रा श्वास घ्यायला. एक ओळ म्हणजे रूपकाची चार आवर्तनं, अठ्ठावीस मात्रा. माझ्या निम्म्या गझला या घरात राहतात. आणि मी घरी आणलेल्या डबीत होते चारचे ठेके, तीनचे ठेके, आणि सगळे रॉक, ब्लूज, जॅझ. सात नाहीच. दुकानातल्या पोरानं तेव्हा जोरदार रॉक लावून दाखवला होता आणि मीही मान डोलावली होती. डबी परत घेणार नाहीत असं बिलावर बारीक अक्षरात छापलेलं होतं. एका भाच्याला ती देऊन टाकली. तो खूश आहे.

तेव्हा दुकानात जाण्याआधी तुम्ही काय वाजवता ते बोटांवर मोजून घ्या. हिंदी सिनेमाची गाणी, भावगीतं, भजनं यांतलं पुष्कळसं आठ मात्रांत बसतं. त्याला चारचा कोणताही साधा ठेका चालतो, फक्त केरव्याची लचक त्यात मिळणार नाही. दादऱ्याला सहा लागतात, त्याला सहा-आठ म्हणतात तो ठेका शोधा. तीन-चारचा वॉल्ट्झ जवळचा आहे, पण झोका वेगळा. रूपकाला सात. झपतालाला पाचाचे दोन. ठेक्यांचा आकडा मोठा असून उपयोग नाही, तुमचा ठेका त्यात हवा.

रेडिओवर कंपन्यांची नावं घ्यायला मी कचरलो होतो. छापताना थोडी घालतो, म्हणजे तुलना करता येईल. बॉसची आरसी-५ ही डबी २०२० साली आली. तिच्यात ५७ ठेके, ९९ तुकडे साठवायची सोय आणि सगळं मिळून सुमारे तेरा तासांचं मुद्रण. त्याच वर्षीच्या आरसी-१०आरमध्ये ठेके २८०च्या वर, शिवाय सुरुवात, भरणा आणि शेवट यांचे वेगळे तुकडे. एनयूएक्सच्या लूप कोरमध्ये चाळीस ठेके. डिजिटेकच्या ट्रिओ प्लसचं डोकं आणखी निराळं: तुम्ही कॉर्ड वाजवून दाखवायचे, मग ती स्वतःच बेस आणि ड्रम जोडते. गंमत येते, पण लय सुधारायला बसलेल्याला मी ती सुचवणार नाही. आपली परीक्षा घेणारा हवा, लाड करणारा नको. बीटबडी ही २०१४ची डबी नुसती ड्रमची, लूपर वेगळा घ्यावा लागतो. टीसी इलेक्ट्रॉनिकच्या डिट्टोमध्ये उलट: ड्रम नाही, एकच बटण, पाच मिनिटांची जागा, आणि वापरायला सगळ्यांत सोपी.

तासांच्या आकड्यानं भुलू नका. माझी एक ओळ मिनिटाला शंभर मात्रांच्या लयीत १६.८ सेकंद घेते. पूर्ण शेर ३३.६. त्याला तेरा तास काय करायचेत? पण फार कमी असलं तरी अडतं. झूमच्या जी-१ फोरसारख्या इफेक्टच्या पेटीत ६८ ठेके आहेत आणि लूपरही आहे, पैशाच्या मानानं पुष्कळ देते. पण तो लूपर तीस सेकंदांचा. म्हणजे माझा शेर दुसऱ्या ओळीच्या शेवटच्या शब्दांवर तुटणार. नेमका काफिया-रदीफ बाहेर!

बटण एक की दोन, यावर दुकानदार फार बोलत नाहीत. बोलायला हवं. एकच बटण असलेल्या डबीत थांबवायला बहुधा दोनदा पटापट दाबावं लागतं, आणि शेवटचा थर पुसायला दाबून धरावं लागतं. वाजवता वाजवता, एका पायावर, पन्नाशीनंतर, हे करून बघा. थांबवायचं बटण वेगळं असावं, किंवा वेगळं बटण जोडायची सोय तरी असावी. लय कमीजास्त करायला पायानं थापटून सांगता आलं तर उत्तम. ड्रमच्या आवाजाची कळ स्वतंत्र हवीच. सुरुवातीला ड्रम मोठा ठेवून वाजवायचं, मग रोज थोडा थोडा कमी करत जायचं.

आता आवाजाचं. घरी आणून गिटारच्या अँपला जोडलं की ड्रम गोणपाटात गुंडाळल्यासारखा वाटतो आणि माणूस डबीला शिव्या देतो. दोष डबीचा नसतो. गिटारच्या अँपचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं वाजवतच नाही. गिटारला ते शोभतं, पण झांजांची चमक सगळी तिथंच वर असते. कीबोर्डचा अँप, साधे चांगले स्पीकर किंवा हेडफोन यांवर तोच ड्रम मोकळा होतो. मात्र कित्येक डब्यांना हेडफोनचं भोक नसतं, हे घेण्याआधी बघा. रात्री रियाज करणाऱ्याला शेजारी असतात. आवाज फाटका करणारं डिस्टॉर्शन पेडल असेल तर ते लूपरच्या आधी जोडायचं, नाहीतर ड्रमही फाटतो. साध्या लाकडी गिटारला पिकअप बसवलेला नसेल तर तिच्यातून वायर निघणारच नाही, तो खर्च आधी धरा. अडाप्टर बहुधा नऊ व्होल्टचा लागतो. व्होल्ट तेवढेच हवेत, मिलीअँपिअर डबीच्या गरजेइतके किंवा जास्त चालतात, आणि टोकाच्या आतल्या बाजूला अधिक आहे की उणे ते डबीवरच्या खुणेशी जुळवून मगच लावा. घरातला पडलेला कुठलाही अडाप्टर खुपसून डबी जाळणारे मला माहीत आहेत.

दुसऱ्यांदा मी नीट बघून, सात मात्रांचा ठेका आणि दोन बटणं असलेली डबी घेतली. तीन महिने रोज अर्धा तास. पहिले काही दिवस अपमानाचे होते. तिसऱ्या आवर्तनात मी समेच्या आधी पोचून तिथं उभा, आणि ड्रम आपल्या वेळेनं सावकाश येतोय. हळूहळू पाय आणि हात यांची ओळख झाली.

मग ईदच्या दुसऱ्या दिवशी शीरखुर्मा आणि डबी, दोन्ही घेऊन अण्णांकडे गेलो. त्यांनी ठेका ऐकला. म्हणाले, ''मोजतोय बरोबर. पण हा रूपक नाही, सात आहे.'' खरं होतं. ठेक्यात पहिल्याच मात्रेवर ढम्म असा जाड ठोका होता, आणि रूपकाची तर समच खाली. तीं तीं ना, धी ना, धी ना. पहिल्या तीन मात्रांत डग्गा गप्प.

मी त्यांच्यासमोर दायाँ ठेवला. साधा माईक एका छोट्या मिक्सरला जोडला, मिक्सर लूपरला. माईक सरळ लूपरला लावला तर आवाज फार बारीक येतो. डबीचा सातचा ठेका अगदी हळू सोडला, फक्त तुकड्याची लांबी नीट बसावी म्हणून. अण्णांनी उजव्या हातानं, नुसत्या दायाँवर, चार आवर्तनं वाजवली. मी समेवर पाय दाबला, ठेक्याचा आवाज शून्यावर आणला. खोलीत अण्णांचा दायाँ फिरू लागला, आणि अण्णांचा हात मोकळा होता.

''आता?'' ते म्हणाले.

मी दायाँ उचलून डग्गा त्यांच्या उजव्या हाताखाली सरकवला. रूपकात डग्ग्याला काम तरी किती? चौथी मात्रा आणि सहावी मात्रा. आवर्तनाला दोन 'घे'. ''उजव्यानं डग्गा?'' ते हसले. ''पहिल्यांदाच.'' मी बटण दाबलं. चार आवर्तनं, आठ घे. मग थर बंद केला आणि दोघं ऐकत बसलो. दायाँ-डग्गा, दोन्ही अण्णांचे.

दोन फेऱ्या त्यांनी डोळे मिटून ऐकल्या. मग म्हणाले, ''तिसऱ्या आवर्तनातला दुसरा घे मागे पडलाय. पुसा.''

मी म्हटलं, ''अण्णा, कळतसुद्धा नाही.''

''तुम्हाला नाही कळत, भाई. पुसा.''

मी दाबून धरलं. डग्ग्याचा थर गेला, दायाँ तसाच फिरत राहिला. अण्णांनी हात डग्ग्यावर नेला आणि समेची वाट बघू लागले.