भांड्यांची वही आणि संगणकाची भाषा

वाचकहो, वस्तीत लग्नकार्य निघाले की समाजमंदिरातली भांडी आणण्याची आपली पद्धत आहे. मोठी पातेली, पराती, ताटे, वाट्या. नेणाऱ्याचे नाव वहीत लिहायचे, कार्य उरकले की भांडी घासूनपुसून परत करायची आणि नाव खोडून घ्यायचे. व्यवहार साधा, पण त्यावरून किती भांडणे होतात हे आपण सारे जाणतो. कुणी परत करायचेच विसरतो. कुणी पातेले परत केल्याचे सांगतो आणि ते त्याच्याच चुलीवर असते, तोवर तेच पातेले दुसऱ्याच्या नावावर चढलेले असते. कुणी वीस ताटे नेतो आणि एकविसावे मागतो.

आज हे आठवण्याचे कारण मात्र स्वयंपाकघरातले नाही, संगणकातले आहे.

गेल्या महिन्यात आम्ही एका स्नेह्यांच्या घरी गेलो होतो. गृहस्थ शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीत काम करतात. मुलगी कॉम्प्युटर डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. चहा पुढे ठेवता ठेवता तिने विचारले, "काका, दोन वर्षं सी आणि सी प्लस प्लस शिकले. आता सगळे म्हणतात, या भाषा धोक्याच्या आहेत, रस्ट शिका. मग माझी दोन वर्षं वाया गेली का?" वडील मध्येच म्हणाले, "वाया गेली तर गेली, पण नव्या क्लासची फी कुठनं आणायची, तेवढं सांगा." हा प्रश्न त्या एका घराचा नाही. म्हणून आम्ही या विषयाची माहिती जमवली. ती साध्या शब्दांत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

सामायिक भांडी, वही मात्र नाही

सी ही भाषा १९७२ च्या सुमारास अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी घडवली. तिच्यावरूनच बियार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी पुढे सी प्लस प्लस तयार केली. आपल्या हातातल्या अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्स आहे आणि तो मुख्यतः सी भाषेत लिहिलेला आहे. पैसे पाठवणारे ॲप असो की रेल्वेचे तिकीट, खाली कुठेतरी या जुन्या भाषा राबत असतातच. त्या वेगवान आहेत, यंत्राच्या अगदी जवळ आहेत.

पण त्यांत एक उणीव आहे. संगणकाची मेमरी म्हणजे सामायिक भांडी. प्रोग्राम जागा मागून घेतो, वापरतो आणि परत करतो. ती कुणी घेतली, कुणी परत करायची, याची वही सी भाषा ठेवत नाही. सारा भार लिहिणाऱ्याच्या स्मरणावर. परत केलेली जागा पुन्हा वापरली, एकच जागा दोनदा परत केली, आपल्या वाट्याच्या पलीकडे हात घातला, तरी अडवणारे कोणी नसते. एप्रिल २०१४ मध्ये 'हार्टब्लीड' नावाचा दोष उघडकीला आला, तो याच जातीचा. समोरून दोन-चार अक्षरे यायची आणि 'माझी चौसष्ट हजार अक्षरे परत द्या' अशी मागणी व्हायची. सर्व्हर मोजून न पाहता शेजारच्या जागेतला मजकूर देऊन टाकायचा. त्यात लोकांचे पासवर्डसुद्धा असू शकत होते.

दोष कामगाराचा की यंत्राचा?

प्रेसवर कामगाराचे बोट गेले की पूर्वी एकच वाक्य ऐकू यायचे, "बेसावध होता." मग काही कारखान्यांत दोन बटणांची सोय आली. दोन्ही हातांनी दोन्ही बटणे एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येतच नाही. हात बटणावर असले की ते प्रेसखाली जाणार कसे? कामगार तोच, त्याचा थकवा तोच, पण बोटे वाचली.

संगणकाच्या जगातही वर्षानुवर्षे "काळजीपूर्वक लिहा" एवढेच सांगितले गेले. पण २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच जाहीर केले की दरवर्षी दुरुस्त कराव्या लागणाऱ्या सुरक्षेच्या दोषांपैकी सुमारे ७० टक्के दोष या मेमरीच्या गोंधळातले असतात. पुढच्याच वर्षी गूगलच्या क्रोम ब्राउझरबाबतही जवळजवळ तोच आकडा पुढे आला. जगातले निवडक इंजिनिअर तिथे काम करतात. त्यांच्याही हातून हे होत असेल, तर दोष माणसाच्या हलगर्जीपणात नसून हत्यारात आहे, हे मान्य करावे लागते.

आधी वही, मग पातेले

रस्ट भाषेची सुरुवात २००६ मध्ये ग्रेडन होअर या कॅनडाच्या प्रोग्रामरने केली. पुढे मोझिला या संस्थेने तिला आधार दिला आणि १५ मे २०१५ रोजी तिची पहिली पक्की आवृत्ती आली. रस्टमध्ये प्रत्येक जागेला एकच मालक असतो. दुसऱ्याला ती उसनी देता येते, पण कधीपर्यंत ते ठरलेले असते. प्रोग्राम चालू होण्याआधीच कंपायलर ही सारी वही तपासतो. हिशोब जुळला नाही, तर प्रोग्राम तयारच होत नाही. म्हणजे भांडण लग्नाच्या मांडवात होत नाही, आदल्या दिवशी वहीपाशीच मिटते.

मग सगळे जुने टाकून नव्याने का लिहीत नाहीत, असे कुणी विचारील. चाळीस-पन्नास वर्षांत सी आणि सी प्लस प्लसमध्ये लिहिलेल्या ओळी कोट्यवधी आहेत. जुना कारखाना एका रात्रीत पाडून नवा उभारता येत नाही. शिफ्ट चालू ठेवूनच एकेक मशीन बदलावी लागते. त्यामुळे खरा प्रश्न, जुने आणि नवे एकत्र कसे नांदणार, हा आहे.

सांध्यावरचे काम

रस्ट आणि सी प्लस प्लस यांना एकमेकींची बोली थेट कळत नाही. त्या बहुधा सी भाषेच्या साध्या बोलीत बोलतात. गडहिंग्लजच्या बाजारात मराठी माणूस आणि कन्नड माणूस भेटले, तर मोडक्यातोडक्या शब्दांत भाव ठरतो, माल हातोहात जातो. पण 'हे पोते उसने, पुढच्या बाजाराला परत' असली बारीक अट त्यात निसटते. इथेही तसेच. जागेचा आकडा पलीकडे पोचतो. मालक कोण, उसने कधीपर्यंत, हे पोचत नाही. त्या सांध्यावर रस्टचा कंपायलरही तपासू शकत नाही. तिथे 'असुरक्षित' असा शिक्का मारून लिहिणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो.

जोडणीत आकडा चुकला तर काय होते, ते १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा प्रोग्राममध्ये एका भागाने २१ गोष्टी ठरवल्या होत्या, दुसरा भाग २० च पुरवत होता. एकविसावी घ्यायला हात गेला आणि सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. आपल्याकडे विमानतळावर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास द्यावे लागले. इथे दोन भाषा नव्हत्या, एकाच प्रोग्रामचे दोन भाग होते. दोन भाषांच्या सांध्यावर किती जपावे लागत असेल, याची यावरून कल्पना यावी.

या सांध्यावर काम करणाऱ्यांत मराठी कानाला ओळखीचे एक नाव आहे, मनीष गोरेगावकर. आयआयटी मुंबईत शिकत असतानाच ते मोझिलाच्या रस्टमधील कामात उतरले. फायरफॉक्स ब्राउझर मुख्यतः सी प्लस प्लसचा. पानाचे रंगरूप ठरवणारा त्याचा भाग एकाच वेळी अनेक हातांनी चालावा, असा प्रयत्न सी प्लस प्लसमध्ये दोनदा झाला आणि दोन्ही वेळा फसला. मग तो भाग रस्टमध्ये लिहून जुन्या इंजिनाला जोडला गेला आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्स ५७ मधून लोकांच्या हाती आला. त्या कामात गोरेगावकर होते. पुढे युनिकोडच्या एका प्रकल्पात, तारखा आणि आकडे ज्या त्या भाषेच्या रीतीने दाखवणाऱ्या रस्टच्या साहित्यासाठी, त्यांनी 'डिप्लोमॅट' नावाचे हत्यार घडवण्यात भाग घेतला. ते रस्ट आणि इतर भाषांमधला जोडकोड स्वतःच तयार करते. नावाचा अर्थच राजदूत. माणसाने हाताने लिहायचे कमी झाले, की चुकीची जागाही कमी होते.

याचे फळही दिसू लागले आहे. अँड्रॉइडमध्ये गूगलने जुना कोड तसाच ठेवला आणि नवा कोड सुरक्षित भाषांत लिहायला घेतला. २०१९ मध्ये त्यातल्या सुरक्षेच्या दोषांपैकी ७६ टक्के दोष मेमरीचे होते, २०२४ मध्ये ते प्रमाण २४ टक्क्यांवर आले. सी प्लस प्लसवालेही स्वस्थ बसलेले नाहीत. त्या भाषेत सुरक्षेचे कडक नियम आणण्याचे काम स्वतः स्ट्राउस्ट्रुप यांनी हाती घेतले आहे.

मुलीला आम्ही काय सांगितले

आम्ही पुन्हा त्या घरी गेलो आणि सांगितले, बाळ, तुझी दोन वर्षे वाया गेली नाहीत. जुने घर ज्याने आतून पाहिले आहे, त्यालाच नव्या भिंतीचा सांधा नीट भरता येतो. मेमरी कुठे घसरते हे सी मध्ये ज्याने अनुभवले, त्याला रस्टचा कंपायलर का अडवतो ते चटकन समजते. नुसती नवी भाषा येणाऱ्यापेक्षा दोन्ही भाषा जाणणाऱ्याचे काम अधिक अवघड आहे, आणि जुना कोड आहे तोवर त्याची गरज राहणार आहे. मात्र रस्ट आली की नोकरी ठेवलेलीच, असे सांगणाऱ्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नकोस. आधी डिप्लोमा नीट पुरा कर.

वडिलांना सांगितले, क्लासची घाई नको. रस्टचा कंपायलर फुकट मिळतो. भाषा तयार करणाऱ्यांनी प्रसिद्ध केलेले शिकवणीचे पुस्तकही इंटरनेटवर फुकट वाचता येते. पुस्तक इंग्रजीत आहे, म्हणून एकट्याने अडखळण्यापेक्षा वस्तीतल्या चार मुलामुलींनी अभ्यासिकेत एका संगणकाभोवती बसावे, एकाने वाचावे, दुसऱ्याने करून पाहावे.

वडील थोडा वेळ गप्प राहिले. मग मुलीला म्हणाले, "म्हणजे आमच्या प्रेसच्या दोन बटणांसारखंच की गं हे." मुलगी हसली आणि "होय बाबा, तसंच," म्हणाली. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प ती याच सांध्यावर करणार आहे. अर्धा सी मध्ये, अर्धा रस्टमध्ये.