चलनावरचे वजन आणि काट्यावरचे वजन

अंबरनाथ एमआयडीसीत रसायनाचा टँकर आला, की चलनावर लिहिलेला आकडा कोणी तसाच वहीत चढवत नाही. भरलेली गाडी काट्यावर जाते, माल उतरल्यावर रिकामी गाडी पुन्हा जाते, आणि दोहोंतला फरक चलनाशी ताडला जातो. याच भागात राहून मी गेली काही वर्षे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, वाचतो आहे. तो कोणालाही वाचायला खुला आहे. नेटवर्कवरचे पॅकेट तो आत कसे घेतो, हे समजायला काट्याची ही रीत उपयोगी पडते.

पॅकेटच्या सुरुवातीच्या भागाला हेडर म्हणतात. त्यातल्या १६ बिटांत पाठवणाऱ्याने एकूण लांबी लिहिलेली असते. म्हणून ती ६५,५३५ बाइटांपलीकडे जात नाही. प्रत्यक्ष आलेले बाइट या लांबीपेक्षा कमी भरले, तर कर्नल पॅकेट टाकून देतो. लिहिलेली लांबी खुद्द हेडरपेक्षा लहान असली, तरीही टाकतो. जास्त बाइट आले तर मात्र तो लबाडी मानत नाही. इथरनेटच्या चौकटीत किमान ४६ बाइट लागतात, त्यामुळे छोट्या पॅकेटमागे भराव घातलेला असतो. तो कापून कर्नल पुढे जातो.

तरीही १९९६च्या सुमारास अनेक ऑपरेटिंग सिस्टीम एकाच पॅकेटने कोसळत. या हल्ल्याचे नाव ‘पिंग ऑफ डेथ’. मोठे पॅकेट तुकड्यांनी येते आणि प्रत्येक तुकड्यावर त्याची जागा लिहिलेली असते. ती जास्तीत जास्त ६५,५२८ असू शकते. तिथे १,४८० बाइटांचा तुकडा ठेवला, की शेवट ६७,००८ वर जातो. प्रत्येक तुकडा वेगळा मोजला तर बरोबर; बेरीज मात्र कोणी तपासत नव्हते. राखलेल्या जागेबाहेर मजकूर सांडे आणि शेजारची मेमरी बिघडे. साधा प्रोग्रॅम चुकला तर कर्नल त्याला थांबवतो. कर्नलच चुकला तर त्याच्यावर कोणी नसते. अख्खा संगणक बंद पडतो.

आज लिनक्समध्ये तुकडे जोडताना बेरीज ६५,५३५च्या वर गेली, की पॅकेट नाकारले जाते. तपासणी जेमतेम एका ओळीची आहे. पण टाकीच्या तापमानावर नजर ठेवणारा एखादा जुना संगणक ‘चालतोय ना’ म्हणून वर्षानुवर्षे तसाच ठेवलेला असेल, तर त्यात ही ओळ आहे का, हे एकदा विचारायलाच हवे.