वाईटाची परतफेड चांगल्याने

भगिनींनो, चार माणसांत जाऊबाईंनी टोमणा मारला, की मनात पहिलं काय येतं? ‘थांब, माझीही वेळ येईल!’ जशास तसे, हा धडा आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही.

ख्रिस्ती शिकवण नेमकी याच्या उलट आहे. रोममधल्या ख्रिस्तीजनांना लिहिलेल्या पत्रात संत पौल बजावतो, की सूड आपण घ्यायचा नाही, तो देवावर सोपवायचा. वैरी भुकेला दिसला तर त्याला जेवू घालायचं. तुम्ही म्हणाल, बोलायला काय जातंय? ज्याचं जळतं त्यालाच कळतं!

मग ग्लॅडिस स्टेन्स यांची हकीकत ऐका. त्यांचे पती ग्रॅहॅम हे ऑस्ट्रेलियाचे. ओरिसात बारीपदा येथे ते वर्षानुवर्षे कुष्ठरोग्यांची सेवा करीत होते. जानेवारी १९९९ मध्ये मनोहरपूर गावी रात्री ते दोन मुलांसह गाडीत झोपले असताना जमावाने गाडी पेटवून दिली. फिलिप दहा वर्षांचा होता, टिमथी अवघा सहा. आईच्या काळजाचं काय झालं असेल!

तरीही, मारेकऱ्यांविषयी आपल्या मनात द्वेष नाही, आपण त्यांना क्षमा केली आहे, असं त्या म्हणाल्या. लेकीला घेऊन मायदेशी परतणं सोपं होतं. पण त्या बारीपद्यातच राहिल्या, त्याच रुग्णांची सेवा करीत. पुढे तिथे पतीच्या नावाचं रुग्णालयही उभं राहिलं. २००५ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. क्षमा म्हणजे गुन्ह्यावर पांघरूण नव्हे. खटला रीतसर चालला आणि मुख्य आरोपीची जन्मठेप २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. न्यायाचं काम न्यायालयाने केलं, बाईंनी फक्त मनात विष साठू दिलं नाही. म्हणूनच, घरात मारहाण सोसणाऱ्या एखादीला ‘क्षमा कर, गप्प बैस’ असं सांगणं म्हणजे ही शिकवण नव्हे. तिने मदत जरूर मागावी.

पण आपली रोजची भांडणं? ती कितीशी मोठी असतात हो! अबोला धरलेल्या शेजारणीच्या घरी आजारपण आलं, तर डबा घेऊन जा. ती कदाचित बदलेल, कदाचित नाही. तुमची रात्रीची झोप मात्र नक्की परत येईल.