खरखरीत रेघेचा कुंचला

आपल्या मॉरिशसच्या घरांत चित्रकथा म्हटली की टिनटिन आणि अ‍ॅस्टेरिक्स आठवतात. टिनटिनचे चित्रकार एर्जे (१९०७–१९८३) यांची रेघ घासूनपुसून ठेवलेल्या भांड्यासारखी स्वच्छ असते. जाडी सगळीकडे सारखी, कोठे डाग नाही, काळोख नाही. आपल्यापैकी पुष्कळजण याच रेघेवर वाढले. आता आपली मुले अमेरिकेतील चित्रकथाही पाहतात आणि तशी चित्रे काढू पाहतात. तेथील एका परंपरेत रेघ अगदी उलट असते: कडा फाटलेल्या, मध्येच शाई संपल्यासारखी, काळ्यावर पांढरे ओरखडे, बाजूला शिंतोडे. माझ्या वर्गातील एका मुलाने मला विचारले, "गुरुजी, अशी रेघ टॅबलेटवर काढायला कोणता ब्रश घ्यायचा?" प्रश्न एका ओळीचा आहे. उत्तरासाठी मात्र थोडे मागे जावे लागते.

अमेरिकेत चित्रकथेचे पान पुष्कळदा दोन हातांतून तयार होते. एकजण पेन्सिलीने काढतो, दुसरा त्यावर शाई चढवतो. या दुसऱ्या कारागिराला तेथे इंकर म्हणतात. तो नुसता गिरवतो असा लोकांचा समज असतो, पण तो खरा नाही. मिल्टन कॅनिफ (१९०७–१९८८) यांनी १९३४ मध्ये 'टेरी अँड द पायरेट्स' ही वर्तमानपत्री मालिका सुरू केली. तिच्यात त्यांनी कुंचल्याने काळ्या शाईचे मोठे पट्टे ओढून रात्र, पाऊस आणि भीती उभी केली. पुढे १९८६ मध्ये 'द डार्क नाइट रिटर्न्स' आले. त्यातील बऱ्याच पानांवर फ्रँक मिलर यांच्या पेन्सिलीवर क्लाउस जॅनसन यांची शाई आहे. म्हातारा, थकलेला बॅटमॅन त्या खडबडीत शाईमुळेच खरा वाटतो. तेच चित्र एर्जेंच्या स्वच्छ रेघेने काढले असते तर त्याचे वय दिसलेच नसते.

हा खडबडीतपणा आला कोठून? थोडा गरजेतून, थोडा घाईतून. जुन्या चित्रकथा स्वस्त, शाई शोषणाऱ्या कागदावर छापल्या जात. मूळ पानावरील चित्र सुमारे दहा इंच रुंद आणि पंधरा इंच उंच असे. छापताना ते लहान होई आणि बारीक रेघा बुजून जात. म्हणून ठसठशीत काळा रंग हवा. शिवाय मुदत डोक्यावर. मग कारागिरांनी युक्त्या काढल्या. कुंचल्यातील शाई फडक्याला पुसून तो जवळजवळ कोरडाच कागदावरून ओढायचा, म्हणजे कागदाचे दाणे तेवढे काळे होतात. दात घासायचा ब्रश शाईत बुडवून अंगठ्याने झटकायचा, म्हणजे शिंतोडे उडतात. वाळलेली शाई ब्लेडने खरवडायची. ज्यांनी शाळेत टाक आणि दौत वापरली आहे, त्यांना निब कागदात अडकल्यावर काय होते ते सांगायला नको. आपल्याला त्यासाठी छडी मिळत असे, तेथे त्याचीच कला झाली!

त्यांच्या आवडत्या कुंचल्याची कथाही सांगण्यासारखी आहे. विन्सर अँड न्यूटन या इंग्रज कंपनीचा 'सीरीज सेव्हन' हा कुंचला कोलिन्स्की नावाच्या प्राण्याच्या शेपटीच्या केसांचा असतो. हा मुंगसाएवढा प्राणी सायबेरियात आणि आपल्या हिमालयातही आढळतो. वन्यप्राण्यांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या तिसऱ्या परिशिष्टात त्याचे नाव भारताने घातले आहे. त्यामुळे त्याच्या केसांबरोबर योग्य कागदपत्रे लागतात. २०१३ मध्ये अमेरिकन अधिकाऱ्यांनी हे नियम काटेकोरपणे लावले आणि या कुंचल्यांची तेथे टंचाई झाली. दिल्लीने नोंदवलेल्या एका प्राण्यामुळे न्यूयॉर्कच्या चित्रकाराचा हात थांबावा, याची मला गंमत वाटली.

याच सुमारास काचेची पाटी सर्वत्र येत होती. फोटोशॉप १९९० मध्ये बाजारात आले होते, पण त्यातील ब्रशांचे यंत्र २००२ च्या सातव्या आवृत्तीत नव्याने बांधले गेले. २००९ मध्ये फ्रेडी विल्यम्स दुसरे यांचे, संगणकावर चित्रकथा काढण्याविषयीचे पुस्तक डीसी कंपनीच्या नावाने निघाले. शाई चढवण्यावरील जॅनसन यांचे पुस्तक त्याच मालेत २००३ मध्ये आले होते. सहा वर्षांत शाईची बाटली टेबलावरून उचलली गेली म्हणा ना.

पण काचेला दाणे नाहीत, आणि संगणकाची शाई कधी वाळत नाही. म्हणून पहिल्या डिजिटल रेघा प्लास्टिकसारख्या गुळगुळीत दिसत. ही उणीव भरून काढायला केवळ ब्रश बनवणारे कारागीर पुढे आले. नॉर्थ कॅरोलायनाचे चित्रकार काइल वेब्स्टर यांनी फोटोशॉपसाठी ब्रश तयार करून थोड्या डॉलरांना विकायला सुरुवात केली. २०१७ मध्ये अ‍ॅडोबी कंपनीने त्यांचा संपूर्ण संग्रह विकत घेतला आणि हजाराहून अधिक ब्रश आपल्या वर्गणीदारांना खुले केले. त्याच वर्षी ऑस्लोच्या मुंक संग्रहालयात जपून ठेवलेल्या एडवर्ड मुंक यांच्या सात कुंचल्यांवरून त्यांनी डिजिटल ब्रश बनवले. रे फ्रेंडन यांनी क्लिप स्टुडिओ या जपानी प्रोग्रामसाठी असेच शाईचे ब्रश बनवले. तेही चित्रकथाकारांत लोकप्रिय आहेत.

डिजिटल ब्रश म्हणजे खरोखर एक शिक्का. आपण हात ओढतो तेव्हा तो शिक्का अगदी जवळजवळ, पुन्हा पुन्हा उमटतो आणि आपल्याला सलग रेघ दिसते. हाताचा दाब वाढला की शिक्का मोठा होतो. खरखर आणायची असेल तर त्याच्या मागे कागदाच्या पोताचे चित्र ठेवतात, म्हणजे शाई खळग्यांत उतरत नाही. चांगल्या ब्रशात दर शिक्क्याला थोडे फिरवलेले असते. वाईट ब्रशात तोच डाग ठरावीक अंतराने परत येतो, साडीच्या छापील काठासारखा. ब्रश घेण्याआधी एक लांब रेघ सावकाश ओढा आणि तोच ठिपका पुन्हा दिसतो का ते पाहा. दिसला तर तो ब्रश सोडून द्या.

आणखी दोन गोष्टी त्या मुलाला सांगितल्या. रेघ आपोआप सरळ करणारी सोय बंद ठेव, नाहीतर हाताचा थरकाप यंत्र गिळून टाकते. खडबडीत शैलीचा जीव त्याच थरकापात आहे. आणि दोनच ब्रश निवड: एक ओला, एक कोरडा. हजार ब्रश गोळा करणाऱ्या मुलाचे पान कोरेच राहिलेले मी पाहिले आहे. पालकांनी खर्चाची चिंता करू नये. क्रिटा नावाचा प्रोग्राम फुकट मिळतो आणि त्यात शाईचे ब्रश असतात.

पण सर्वांत चांगला ब्रश घरीच होतो. आपल्या पूर्वजांच्या काळी मोडी लिहिण्यासाठी बोरू असे. बांबूची कांडी तिरकी कापली की तसा बोरू तयार. जाड कागदावर त्याने काळी शाई ओढा, कोरड्या कुंचल्याने फटकारे मारा, जुन्या दातांच्या ब्रशाने शिंतोडे उडवा. तो कागद स्कॅन करा, हवा तेवढा भाग कापा आणि फोटोशॉपमध्ये किंवा क्रिटामध्ये त्याचा ब्रश बनवा. मग ती खरखर त्या मुलाची असते. बाजारातला ब्रश मात्र लाखो जणांकडे असतो, आणि सराईत डोळ्यांना तो लगेच ओळखू येतो.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. अमेरिकन कंपन्या १९७० च्या दशकाच्या मध्यापासून मूळ पाने चित्रकारांना परत देऊ लागल्या. पेन्सिलवाला आणि शाईवाला ती पाने वाटून घेतात आणि मेळाव्यांत रसिकांना विकतात. पडत्या काळात त्यावर घर चालते. काचेवर काढलेल्या चित्राचे मूळ पानच नसते, तेव्हा हा आधार तुटला. म्हणून तेथील कित्येक चित्रकार आता पेन्सिलीचे काम संगणकावर करतात, ते फिकट निळ्या रंगात जाड कागदावर छापून घेतात, आणि शाई मात्र पुन्हा खऱ्या कुंचल्याने चढवतात. स्कॅन करताना निळी रेघ गाळता येते. काळी, खडबडीत शाई तेवढी राहते, आणि विकायला पानही उरते.