जुनी जीप विकत घेण्यापूर्वी

चिखली तालुक्यातील काळ्या, भारी जमिनीचा शेतकरी आषाढ-श्रावणात पाणंद रस्त्याचे जे हाल पाहतो, ते त्यास नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. दुधाचे कॅन सडकेपर्यंत पोहोचविणे, फवारणीचे साहित्य वावरात नेणे, अथवा रात्री-अपरात्री आजारी माणसास चिखली किंवा बुलढाण्याच्या दवाखान्यात हलविणे, ही कामे चिखलामुळे अडून राहतात. अशा वेळी चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणारी जीप दारी असावी, असे अनेकांस वाटते. नवे वाहन आवाक्याबाहेर असल्यामुळे पुष्कळ बंधू जुन्या वाहनाकडे वळतात. ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनाही याविषयी वारंवार विचारणा होते. सबब, या व्यवहारातील महत्त्वाच्या बाबी येथे क्रमाने दिल्या आहेत.

गरज आहे काय?

प्रथम स्वतःस एक प्रश्न विचारावा : वर्षातील किती दिवस अशा वाहनाविना काम अडते? घरी ट्रॅक्टर असेल व अडचण पावसाळ्यातील मोजक्याच दिवसांची असेल, तर हाच पैसा दगड-मुरूम टाकून रस्ता सुधारण्यासाठी शेजाऱ्यांच्या सहकार्याने खर्च करणे अधिक हितावह होय. चारही चाकांचे वाहन म्हणजे चिखलावरील हमखास उपाय नव्हे. काळी माती टायरच्या खाचांत भरून टायर गुळगुळीत झाला की चारही चाके जागीच फिरतात. शिवाय ओल्या वावरातून वाहन नेल्यास जमीन दबून घट्ट होते आणि त्याचे परिणाम पुढील पिकास भोगावे लागतात. म्हणून असे वाहन पाणंदीपुरते व धुऱ्याच्या कडेपर्यंतच न्यावे.

कोणते वाहन?

महिंद्र कंपनीने १९४७ साली आपल्या देशात विलीस जीपची जुळणी सुरू केली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास कार्यक्रमास आरंभ झाल्यानंतर विकासगटांच्या जीपगाड्या खेडोपाडी परिचित झाल्या. त्याच घराण्यातील एमएम ५४०, एमएम ५५० व पुढे २०१० साली आलेली थार ही डिझेलवर चालणारी वाहने होत. मारुतीची जिप्सी १९८५ साली आली. ती पेट्रोलवर चालते व वजनाने हलकी असल्यामुळे चिखलात कमी रुतते. तथापि ओझे वाहण्यास डिझेल जीप सरस ठरते.

येथे केवळ दिसण्यावर जाऊ नये. काळी-पिवळी म्हणून चाललेल्या पुष्कळ जीपगाड्यांत फक्त मागील दोन चाकांनाच जोर असतो. मुख्य गिअरच्या दांड्याखेरीज चार चाकांचा जोर जोडणारा स्वतंत्र दांडा आहे काय, आणि गाडीखाली पुढील हौसिंगपर्यंत जाणारा शाफ्ट आहे काय, हे वाकून पाहावे. प्रस्तुत लेखक एका शेतकरी बंधूंसमवेत जीप पाहण्यास गेला असता आत दोन्ही दांडे व्यवस्थित दिसले. खाली पाहता पुढील शाफ्टच काढून टाकलेला होता! डिझेल वाचविण्यासाठी पूर्वीच्या मालकाने तो काढला व पुढे तो हरवला. इसार देण्याची तयारी झाली होती, ती थांबली.

कागदपत्रे आधी, गाडी नंतर

खाजगी वाहनाची नोंदणी १५ वर्षे चालते. त्यानंतर वाहन तपासणीस उतरल्यास ती ५ वर्षांसाठी वाढवून मिळते. मुदत संपलेले वाहन स्वस्त मिळाले तरी पुनर्नोंदणीची फी, पर्यावरण कर व तपासणीपूर्वीची दुरुस्ती यांचा खर्च किमतीत धरावा.

सरकारी कार्यालयाच्या जुन्या जीपसंबंधी विशेष सावधगिरी बाळगावी. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमानुसार १५ वर्षे पूर्ण झालेल्या सरकारी वाहनांची नोंदणी पुढे चालू राहत नाही व ती मोडीत काढावयाची असतात. अशा वाहनास पुन्हा रस्त्यावर आणून देतो असे सांगणाऱ्या मध्यस्थावर विश्वास ठेवू नये.

चासीवरील व इंजिनवरील क्रमांक आरसी बुकाशी अक्षरशः ताडून पाहावेत. क्रमांकाच्या जागी घासल्याच्या अथवा नव्याने ठोकल्याच्या खुणा दिसल्यास व्यवहार तेथेच सोडावा. इंजिन बदलले असल्यास त्याची नोंद आरसी बुकात असली पाहिजे. बँकेचा बोजा असल्यास बँकेचा ना-हरकत दाखला व नमुना ३५ घ्यावा. मालकी बदलासाठी नमुना २९ व ३० वर विक्रेत्याच्या सह्या स्वतःसमोर घ्याव्यात. परप्रांतातील गाडीस नमुना २८ नुसार ना-हरकत लागते व महाराष्ट्रातील कर वेगळा भरावा लागतो. प्रलंबित दंडाच्या पावत्या परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर पाहता येतात. खरेदीनंतर ३० दिवसांच्या आत बुलढाणा येथील परिवहन कार्यालयास कळवून वाहन आपल्या नावे करावे. विम्याविना वाहन रस्त्यावर आणणे हा गुन्हा आहे, हेही लक्षात असावे.

वाहनाची परीक्षा

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. विक्रेत्याने ती आधीच तापवून ठेवली असल्यास पुन्हा दुसऱ्या दिवशी जावे, कारण थंड इंजिन चालू होताना आपले दोष लपवीत नाही. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते. गाडीवर भार पडताच काळा दाट धूर येणे म्हणजे डिझेल पूर्ण जळत नाही. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल तर सिलिंडरमध्ये पाणी जात असण्याचा संभव असतो. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग किंवा ऑइलचा रंग दुधासारखा असल्यास इंजिन खोलावे लागणार, असे समजावे.

चासी हा वाहनाचा कणा होय. कमानपाटे जेथे चासीला बसतात त्या जागा, आडपट्ट्या व पायाखालचा पत्रा हातोडीने हलके ठोकून पाहावा. ताज्या रंगाखाली गंज व जोड लपलेले असतात. इंजिन बदलता येते. सडलेली चासी मात्र परवडत नाही.

चार चाकांच्या जोराची कसोटी ओल्या, भुसभुशीत जागी घ्यावी. मागील एक चाक निसरड्या खड्ड्यात घालावे. दोन चाकांवर असताना ते चाक जागीच फिरेल. चार चाकांचा दांडा टाकताच गाडी पुढे सरकली पाहिजे. काही वाहनांत पुढील चाकांच्या हबवर हाताने फिरविण्याची कळ असते. ती आधी लावून घ्यावी. ही परीक्षा कोरड्या डांबरी सडकेवर घेऊ नये. वळताना पुढील व मागील चाके सारखे अंतर कापीत नाहीत. निसटण्यास ओली जमीन नसल्यास सर्व ताण गिअरपेटी व शाफ्टवर येतो. याच कारणाने चारही टायर एकाच मापाचे व सारख्या झिजेचे असावेत.

शेवटी गाडी घाटात चालवून पाहावी. बुलढाण्यापलीकडील राजूर घाट यासाठी सोयीचा आहे. चढावर गाडी तापते काय, गिअर आपोआप निसटतो काय, उतारावर ब्रेक एका बाजूस ओढतात काय व स्टिअरिंग किती मोकळे फिरते, याचा तेथे उलगडा होतो. विश्वासातील मिस्त्री सोबत न्यावा. तो विक्रेत्याने सुचविलेला नसावा.

पैशाचा मेळ

हाती असलेली सर्व रक्कम गाडीच्या किमतीत घालणे, ही सर्वांत मोठी चूक होय. समजा, तीन लक्ष रुपयांची सोय आहे. तर किंमत दोन लक्षांच्या आत ठरवावी व उरलेली रक्कम टायर, ब्रेक, क्रॉस, क्लच, विमा व नोंदणी यांसाठी राखावी. पेरणीसाठी ठेवलेला पैसा यात कदापि वळवू नये. सुटे भाग चिखलीस किंवा अकोल्यास मिळतात काय, याची चौकशी खरेदीपूर्वी करावी. भागासाठी आठ-आठ दिवस उभी राहणारी गाडी ऐन सोयाबीन काढणीच्या वेळी निरुपयोगी ठरते.

जुने वाहन घेणे हे बैल घेण्यासारखे आहे. दात पाहावेत, चालवून पाहावे, औताला जुंपून पाहावे, आणि मगच सौदा करावा. एक गाडी हातची गेली तर दुसरी मिळेल. घाईने घेतलेली गाडी मात्र आड रात्री, आजारी माणूस आत असताना, पाणंदीत उभी राहते.