‘ड’ जीवनसत्त्व हृदयाचे रक्षण करते का?

मूत्रपिंडाचा जुनाट विकार जडलेल्या रुग्णाला सर्वाधिक धास्ती असते ती डायलिसिसची. प्रत्यक्षात यांपैकी अनेकांच्या जिवावर बेततो तो हृदयविकार. अशा रुग्णांच्या रक्तात ‘ड’ जीवनसत्त्वही बहुधा कमी आढळते. साहजिकच, ही उणीव भरून काढली की हृदयही सुरक्षित राहील, असा समज रूढ झाला. संशोधनाने मात्र त्याला दुजोरा दिलेला नाही.

सूर्यप्रकाशामुळे त्वचेत तयार होणाऱ्या या जीवनसत्त्वावर आधी यकृतात आणि नंतर मूत्रपिंडात प्रक्रिया होते, तेव्हा कुठे ते कार्यक्षम बनते. मूत्रपिंड दुबळे झाले की हा दुसरा टप्पा मंदावतो. अन्नातील कॅल्शियम कमी शोषले जाते. मग मानेतील पॅराथायरॉइड ग्रंथी अधिक संप्रेरक स्रवतात आणि हाडांतील कॅल्शियम रक्तात ओढले जाते. दुसरीकडे, फॉस्फरस लघवीवाटे पुरेसा बाहेर पडत नाही. या दोहोंचे क्षार रक्तवाहिन्यांच्या भिंतींत साचतात व त्या कडक होतात. त्यांत रक्त ढकलताना हृदयाच्या डाव्या कप्प्याचे स्नायू जाड होत जातात.

हे जाडपण औषधाने कमी होते का, हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत तपासण्यात आले. मूत्रपिंडविकाराच्या २२७ रुग्णांपैकी काहींना ‘ड’ जीवनसत्त्वाचे कार्यक्षम रूप असलेले पॅरिकॅल्सिटॉल ४८ आठवडे देऊनही फरक पडला नाही. जपानमध्ये डायलिसिसवरील ९७६ रुग्णांच्या अभ्यासातही अल्फाकॅल्सिडॉलमुळे हृदयविकाराचे प्रमाण घटले नाही, असे २०१८ मध्ये जाहीर झाले. त्याच वर्षी अमेरिकेतील २५ हजारांहून अधिक लोकांच्या चाचणीनेही रोजच्या २,००० युनिटचा हृदयाला लाभ दाखवला नाही.

याचा अर्थ, ‘ड’ची कमतरता हे दरवेळी हृदयविकाराचे कारण असेलच असे नाही. दीर्घकाळ आजारी माणूस घराबाहेर कमी पडतो, उन्हात कमी वावरतो. त्यामुळे ही कमतरता आजाराची केवळ खूणही असू शकते.

म्हणून हे जीवनसत्त्व निरुपयोगी ठरत नाही. हाडांचे आरोग्य राखण्यासाठी व पॅराथायरॉइड संप्रेरक आटोक्यात ठेवण्यासाठी डॉक्टर ते देतात. धोका आहे तो परस्पर घेण्याचा. औषधाच्या दुकानात मिळणारी ६०,००० युनिटची पुडी हे टॉनिक नव्हे. मात्रा अति झाल्यास रक्तातील कॅल्शियम वाढते. मळमळ, बद्धकोष्ठता, अतितहान असे त्रास उद्भवतात आणि रक्तवाहिन्यांत क्षार साचण्याचा धोकाही वाढतो. म्हणजे ज्या हृदयासाठी औषध घ्यावे, त्यालाच अपाय होण्याची शक्यता!

मूत्रपिंडाच्या रुग्णाने कॅल्शियम, फॉस्फरस व पॅराथायरॉइड संप्रेरकाच्या तपासण्या पाहूनच डॉक्टरांकडून मात्रा ठरवून घ्यावी. हृदय जपायचे तर रक्तदाब व साखरेवर नियंत्रण, बेताचे मीठ आणि तंबाखूला फाटा, हेच अधिक खात्रीचे मार्ग आहेत.